सचिवाचा शेवट

राजकारणावरच्या सिनेमात तो दिसला, की थिएटरात कुणीतरी शेजाऱ्याला कोपर मारायचंच. "हाच बघ." अजून खून झालेला नसायचा, कट शिजायला लागलेला नसायचा, पंतप्रधान नुकताच मोटारीतून उतरून हात हलवत असायचा. आणि त्याच्या मागे, डाव्या बाजूला, फाइल छातीशी धरून हा उभा. बारीक काड्यांचा चष्मा, नीट विंचरलेले पांढरे केस आणि चेहऱ्यावर इतकी काळजी, की पंतप्रधानाला सर्दी झाली तरी हा आधी शिंकेल. बस, तेवढं पुरे व्हायचं. पुढचे दोन तास नायकाने कितीही ऊर फुटेस्तोवर धावावं, पोलिसांनी कुणालाही धरावं, लोकांना पक्कं ठाऊक असायचं की शेवटी हाच सचिव खिडकीपाशी पाठमोरा उभा राहून फोनवर म्हणणार, "काम झालं."

यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. पहिल्यांदा त्याने असा घात केला, तेव्हा लोकांच्या तोंडून खरोखर आवाज निघाला होता. इतका सालस माणूस, आणि हा? तो आवाज निर्मात्यांच्या कानांवर गेला आणि मग प्रत्येकाला आपल्या सिनेमात तोच आवाज हवा झाला. बोलवा त्याला. पुन्हा त्यालाच बोलवा. नट निवडून देणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना धंद्यात सगळे कास्टिंगबाई म्हणत. त्या एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, की या लोकांना गुपित जपायला दिलं तर ते आधी त्याच्या दारावर पाटी लावतात. एवढ्याशा कामाला एवढा ओळखीचा नट घेतला, की प्रेक्षक काय समजायचं ते समजतो. नुसत्या फायली उचलायला याला कशाला आणतील? धक्क्याची हळूहळू जांभई झाली. तरी सिनेमे चालत राहिले, कारण आपलं भाकीत खरं ठरलं की माणूस खूश होऊन घरी जातो.

सेटवर त्याचं नावच सचिव पडलं. "सचिव आले का? सचिवांना चहा द्या." त्याला त्याचं काही वाटत नसे. आपल्या तोंडावर लोक विश्वास ठेवतात म्हणून तर ते विश्वासघाताला लागतं, असा त्याने स्वतःचा समज करून घेतला होता. आणि घरी त्याला सचिव म्हणणारं कुणी नव्हतं. घरी ताई होती.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता, की आई म्हटलं की त्याला ताईच डोळ्यांसमोर येते. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसून तिने त्याला वाढवला. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला, की तिला नेमकं गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं. तो नट झाला तेव्हा तिने डोक्याला हात लावला, पण पहिल्या खेळाला ठेवणीतले कपडे घालून सर्वांत आधी तीच जाऊन बसली. पुढेही प्रत्येक सिनेमाला ती गेली. शेवट झाला, दिवे लागले, की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "मेल्याने याही वेळी घात केला." आणि आजूबाजूचे हसले की ऐटीत सांगायची, हा माझा धाकटा भाऊ. घरी त्याला ती धाकट्या म्हणूनच हाक मारायची. केस पांढरे झाले तरी.

मग ताई विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग शेजारणीचं नाव, मग आपण जेवलो की नाही हे. तो शूटिंगला गेला की घरी सांभाळायला एक बाई यायची. बाई मनाने चांगली होती. ताईचं मन रमावं म्हणून ती दुपारी टीव्ही लावून द्यायची. एका वाहिनीवर दुपारभर जुने सिनेमेच चालायचे, आणि त्यांत आठवड्यातून दोन-तीनदा तरी ताईचा भाऊ असायचा. बाईला वाटायचं, बरं आहे, भाऊ घरी नसला तरी दिसतो तरी.

एकदा संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि नेहमीप्रमाणे छोट्या ताटलीत ताईच्या गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन खोलीत गेला. दारात उभा राहून, किंचित वाकून, हलक्या आवाजात म्हणाला, "औषधाची वेळ झाली." अभिनय त्याने केला नव्हता, इतकी वर्षं एकच काम केल्यावर माणसाचं वाकणंही त्याच वळणाचं होतं. त्या दुपारी टीव्हीवर तो असाच वाकला होता, असाच बोलला होता, आणि ते पाणी पिऊन म्हातारा राष्ट्राध्यक्ष गालिच्यावर पडला होता. ताईचं तोंड पांढरंफटक पडलं. तिने ताटली उडवून लावली, आणि भिंतीला पाठ लावून ती थरथरत उभी राहिली. त्या दिवसापासून तिने त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

बाईला ती कुजबुजून सांगायची, "तो माणूस घरात शिरलाय. माझ्या भावाला कळवा." भाऊ आहे हे तिला ठाऊक होतं. रोज ती त्याची वाट बघायची, खिडकीशी बसून. तो आला की हा माणूस दिसायचा, आणि ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. त्याने चष्मा काढून बघितला. केस काळे करून बघितले, तर वेष बदलून आला म्हणून ती जास्तच घाबरली. टीव्ही बंद करून कपाटावर चढवून ठेवला. काही उपयोग झाला नाही. बाई असेल तेव्हा ताई चार घास खायची; संध्याकाळी आणि रविवारी, घरात फक्त तो असला, की उपाशी राहायची. दुसरी एक बाई संध्याकाळसाठी ठेवून बघितली, तर नवं माणूस बघून ताई आणखीनच बिथरली. तिच्या मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत सरकायची.

डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर तिला संस्थेत ठेवावं लागेल. तिथे न खाणाऱ्यांना नाकातून नळी घालून भरवतात. हे त्यांनी वाईट वाटून सांगितलं, पण सांगितलं. ती संस्था त्याने पाहिली होती. लांबलचक खोली, ओळीने पलंग, आणि नळी ओढू नये म्हणून पलंगाच्या कठड्याला मऊ पट्ट्यांनी बांधलेले हात. ज्या हातांनी आपले गणवेश शिवले ते हात तसे बांधलेले बघायचे, या विचाराने तो दवाखान्याच्या जिन्यातच बसला.

अशा दिवसांत कास्टिंगबाईंचा फोन आला. नवा दिग्दर्शक आहे, तरुण आहे, डोकं चालतं. त्याला सचिवाच्या कामासाठी तूच हवा आहेस, आणि का ते ऐकशील तर खुर्चीवरून पडशील, असं म्हणाल्या. लोक पहिल्या दृश्यापासून तुझ्यावर संशय घेणार. आणि घात करणार पंतप्रधानाचा सख्खा पुतण्या. तू शेवटपर्यंत निर्दोष. शेवटी पायऱ्यांवर गोळी सुटते आणि तू मध्ये येऊन ती अंगावर घेतोस.

"म्हणजे मरतोच की मी," तो म्हणाला.

"अरे, या सिनेमांत तुझ्यासारख्याला दोनच वाटा. विकला तरी जा, नाहीतर मर तरी. हा मेला तर लोक रडतील तुझ्यासाठी. जन्मात कुणी रडलंय?"

तो मरण्याचं काही ऐकतच नव्हता. निर्दोष, एवढा एकच शब्द त्याच्या कानांत राहिला. ताईला हे दाखवायचं. सिनेमा बघून जे डोक्यात शिरलं ते सिनेमा बघूनच निघेल. डॉक्टरांना त्याने विचारलंही. ते म्हणाले, खात्री कोण देणार, पण अशा माणसांना दिसलेलं कधीकधी सांगितलेल्यापेक्षा जास्त पटतं खरं. एवढा आधार त्याला पुरला. बुडणाऱ्याला हाताशी काय आलंय हे कोण निरखून बघतो!

त्या सिनेमात त्याने जीव ओतला. शेवटचं दृश्य सभागृहाच्या संगमरवरी पायऱ्यांवर होतं. पायऱ्या लाकडाच्या, संगमरवर रंगाचा. गोळीचा आवाज व्हायच्या क्षणी त्याला एक पाऊल पुढे टाकायचं होतं. ते त्याने असं टाकलं, की पंतप्रधानाचं काम करणारा नट आपलं वाक्य विसरला. मग हा पडला, आणि पडल्यावर त्याने कॅमेऱ्याकडे जे बघितलं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. समोर खुर्चीत ताई बसली आहे असं धरून तो बघत होता. दिग्दर्शकाने "कट" म्हटलं तेव्हा दिवे धरणारा एक आडदांड माणूस बाहीने डोळे पुसत होता. कास्टिंगबाईंना ते मागाहून कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, चला, एक तरी रडला.

सिनेमा तयार झाल्यावर तो आधी निवडक लोकांना दाखवून बघायची रीत होती. दार लावून खेळ करायचा आणि संपल्यावर लोकांना विचारायचं, कसा वाटला. तोही शेवटच्या रांगेत, टोपी डोळ्यांवर ओढून बसला. त्या सकाळीच डॉक्टरांनी कळवलं होतं, की ताईचं वजन पुन्हा उतरलंय आणि येत्या सोमवारी संस्थेत एक पलंग रिकामा होतो आहे.

पहिल्याच दृश्यात नेहमीची कोपरं हलली. तो अंधारात हसला. थांबा म्हणावं. पण पुतण्याचा डाव उघडा पडला तेव्हा लोक चुळबुळले, आणि सचिव पायऱ्यांवर गोळी खाऊन पडला तेव्हा कुणीतरी चक्क हसलं. दिवे लागल्यावर एक जाडे गृहस्थ उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की बाकी सगळं झकास, पण शेवट फसवा आहे. सचिवच असणार हे आम्ही ओळखलं होतं, मग उगीच त्या पोराला मध्ये आणायचं कारण काय? सगळीकडे माना डोलल्या. एक बाई म्हणाली, "तसल्या तोंडाची माणसं दुसऱ्यासाठी गोळी खात नाहीत हो." ती वाईट बाई नव्हती. तिच्या मांडीवर तिचं मूल झोपलं होतं.

निर्मात्याने त्याच दिवशी शेवट बदलायचं ठरवलं. पुतण्याची दृश्यं कापायची, खिडकीपाशी फोन घालायचा, आणि पायऱ्यांवर गोळी सुटताना सचिवाने पुढे यायचं नाही. उलट, एक पाऊल बाजूला व्हायचं.

तो दिग्दर्शकाच्या खोलीवर गेला. जन्मात कुणाकडे काम मागायला गेला नव्हता, तो त्या पोरसवदा माणसासमोर हात जोडून उभा राहिला. बहिणीचं सगळं सांगितलं. दिग्दर्शकाची मान वर होईना.

"सर, मला कळतंय," तो म्हणाला. "पण लोकांना धक्का हवा असतो तो आधीपासून ठाऊक असलेलाच. माझं इथे काही चालत नाही."

"मग एक करा. जुना शेवट मला द्या. कुणाला दाखवणार नाही. घरी, एकदाच."

ते नियमात बसत नव्हतं. दिग्दर्शकाने तरीही पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला, आणि म्हणाला की नवं दृश्य शनिवारी घ्यायचं आहे, तेवढं द्याल ना सर? त्याने मान हलवली.

शनिवारी पुन्हा त्याच रंगवलेल्या पायऱ्या. गोळीचा आवाज झाला आणि त्याचं पाऊल हललंच नाही. पुन्हा. पुन्हा. जे वर्षानुवर्षं झोपेतही जमलं असतं ते जमेना. निर्माता घड्याळ बघायला लागला. शेवटी त्याने डोळे मिटून बाजूला पाऊल टाकलं, आणि सगळे म्हणाले, वा, डोळे मिटण्याने काय मजा आली. घरी जाताना त्याला स्वतःची इतकी किळस आली, की लिफ्टमधल्या आरशाकडे त्याने पाठ केली.

रविवारी दुपारी घरात ताई आणि तो, दोघंच. उद्या तिला न्यायला गाडी येणार होती; तिच्या कपड्यांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. त्याने भाज्यांचं पातळ सूप केलं, कपाटावरून टीव्ही उतरवला, पेनड्राइव्ह जोडला, आणि ती घाबरू नये म्हणून तिच्या खुर्चीच्या मागे स्टुलावर बसला. पडद्यावर सचिव दिसताच तिच्या हातांनी खुर्चीचे दांडे आवळले. त्याला तिची फक्त मान दिसत होती, हडकुळी, ताठ. पुतण्याचा डाव उघडा पडला. सचिव धावत पायऱ्यांकडे निघाला. ताईची मान थोडी पुढे झाली. मग पायऱ्या आल्या, गोळी सुटली, त्याने ते एक पाऊल पुढे टाकलं आणि पडता पडता खोलीत सरळ तिच्याकडे बघितलं.

ताई खुर्चीतून अर्धी उठली. "धाकट्या!"

किती दिवसांत ही हाक त्याने ऐकली नव्हती. तो उठून पुढे आला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "ताई, हा बघ मी. इथेच आहे. मला काही झालेलं नाही."

ती त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. तिथे त्याच्या तोंडावरून पांढरी चादर ओढत होते. पडदा काळा झाला तरी ती बघत राहिली. मग तिने त्याच्याकडे बघितलं, नीट, बराच वेळ, आणि तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. जराही नव्हती. सुखाने त्याचा हुंदका बाहेर आला.

"तुम्ही त्याच्या ऑफिसातले का?" तिने विचारलं.

त्याने बाहीने डोळे पुसले.

"चेहरा थोडा त्याच्यासारखा आहे तुमचा. तो माझा धाकटा भाऊ. तुम्ही होता तिथे?"

"ताई, अगं..." त्याने सुरुवात केली. तिचे ओठ मिटायला लागलेले त्याला दिसले, तशी त्याने मान खाली घातली. "होतो," तो म्हणाला.

"फार लागलं का हो त्याला?"

"नाही. लगेच गेला."

तिने मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. लहानपणी शाळेच्या फाटकापर्यंत हात सोडायचा नाही, तिने सांगितलं. मी कारखान्यातून आले की मशीनच्या तेलाचा वास येतो म्हणून नाक धरायचा, आणि झोपायचा मात्र त्याच हातावर. बोलता बोलता ती थांबली, आणि तिने त्याच्या बाहीला धरलं.

"लोक त्याच्याबद्दल काहीबाही बोलायचे. मलाही पटलं हो ते. माझ्याच घरात मी त्याच्या हातचं पाणी प्यायले नाही. आता कुणाला सांगू मी?"

"त्याने मनावर घेतलं नव्हतं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"माझ्याशी बोलायचा ना. नेहमी तुमच्याबद्दलच बोलायचा."

हे ऐकून ती जराशी निवली. त्याने सुपाची वाटी घेतली, चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. अर्धं सूप तिच्या मांडीवर सांडलं. तिने आपला हात त्याच्या मनगटाला लावून तो स्थिर केला आणि तोंड उघडलं. एक चमचा, मग दुसरा. गिळायला तिला वेळ लागत होता, पण ती गिळत होती.

"रडू नका," मध्येच ती म्हणाली. "तुम्हाला एवढं लागलं, म्हणजे तिथे जीव लावणारं होतं कुणीतरी त्याला. बरं झालं." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "उद्या याल का? घरात कुणी नसतं आता."

दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे त्याने एकदा बघितलं; उद्याची गाडी आता नको म्हणून कळवायला हवं होतं. येईन म्हणाला, रोज येईन, आणि वाटीतलं उरलेलं सूप ढवळायला लागला, कारण ते निवत आलं होतं.